इंग्रजी नोटिसा, जाहिराती, फलकांतली पदनामं: चेअरमन, सेल्समन, मेयरेस बदलताना काय पाहायचं

गोदातीर

नाशिकमध्ये सध्या इंग्रजी मजकूर भरपूर लिहिला जातोय. सिंहस्थासाठीचे द्विभाषिक फलक, सातपूर-अंबडच्या भरतीच्या जाहिराती, गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या नोटिसा, शाळांची परिपत्रकं. या सगळ्यात माणसांसाठीच्या नामांवर गाडी हमखास अडते. अध्यक्ष बाई असतील तर चेअरमन लिहायचं का? 'सेल्समन पाहिजेत' म्हटलं तर मुलींनी अर्ज करायचा की नाही? कवयित्री म्हणजे पोएटेस का?

माझं म्हणणं आधीच मांडतो. शब्द बदलण्याआधी तो कोणी ठरवलाय ते बघा. कायद्याने, प्रमाणपत्राने किंवा नोंदणीने ठरलेला शब्द बदलायचा अधिकार आपल्याला नाही, तो आहे तसाच लिहायचा. उरलेले सगळे शब्द आपण निवडतो, आणि तिथे पुरुषवाचक शब्द ठेवायला काही कारण नाही. बदलतानाही 'मन' उडवून 'पर्सन' चिकटवणं ही शेवटची वाट. आधी कामाचं नाव शोधा.

फायरमनचं फायरफायटर होतं, कारण काम आग विझवण्याचं. रिपेअरमनचा टेक्निशियन. वॉचमनचा सिक्युरिटी गार्ड, आणि खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यातही 'प्रायव्हेट सिक्युरिटी गार्ड' हाच शब्द आहे. सेल्समनसाठी सेल्स एक्झिक्युटिव्ह किंवा सेल्स असोसिएट. ऑफिस बॉयसाठी ऑफिस असिस्टंट. गोदाघाटावरच्या फलकावर बोटमनऐवजी बोट ऑपरेटर. स्पोक्समनला मात्र कामावरून शब्द सापडत नाही, तिथे स्पोक्सपर्सन ठीक.

कॅमेरामन बदलताना जपून. कॅमेरा ऑपरेटर म्हणजे प्रत्यक्ष कॅमेरा चालवणारी व्यक्ती. प्रकाशयोजना आणि चौकट ठरवते ती सिनेमॅटोग्राफर. दोन वेगळी कामं आहेत. चुकीचं लिहिलं तर श्रेयनामावलीत भांडण होतं.

मिडलमनचंही तसंच. लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यवहारावर इंग्रजीत लिहिताना हा शब्द सर्रास येतो. आडत्या म्हणजे कमिशन एजंट आणि खरेदीदार व्यापारी म्हणजे ट्रेडर. मिडलमन दोघांनाही एकाच पोत्यात घालतो आणि वर दूषण देतो. नेमका शब्द लिहिला की लिंगाचा प्रश्न आपोआप सुटतो.

पोलीसमन अनेकवचनात लिहायचं असेल तर भारतात 'पोलीस पर्सनेल' रुळलंय. एकच व्यक्ती असेल आणि हुद्दा माहीत असेल तर सरळ हुद्दा लिहा: कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, सब-इन्स्पेक्टर. हे सगळे मुळातच दोघांना चालणारे शब्द आहेत.

बाकीच्यांनी आपापल्या क्षेत्रातलं लिहा.

---

सातपूर_एचआर

चांगला विषय. कारखान्याच्या बाजूने लिहिते.

आयटीआयच्या ट्रेडची नावं बदलू नका. वायरमन, ड्राफ्ट्समन सिव्हिल, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ही प्रमाणपत्रावरची अधिकृत नावं आहेत. योजनेचंच नाव क्राफ्ट्समेन ट्रेनिंग स्कीम. जाहिरातीत 'आयटीआय ड्राफ्ट्सपर्सन' लिहिलं तर उमेदवार गोंधळतो, आणि नोकरीच्या पोर्टलवर शोध घेणाऱ्याला जाहिरात सापडतच नाही. उपाय सोपा आहे: पदाचं नाव आपलं, पात्रतेचं नाव त्यांचं. म्हणजे वर 'कॅड टेक्निशियन' आणि खाली पात्रता 'आयटीआय, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल'. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना हात लावायची गरजच नाही.

फोरमनसाठी आपल्याकडे शिफ्ट सुपरवायझर किंवा लाईन सुपरवायझर चालतं. पण वेतनश्रेणीच्या करारात 'फोरमन' हा ग्रेड असेल तर नेमणूकपत्रात तोच ठेवा, नाहीतर पुढे वेतननिश्चितीच्या वेळी वाद होतो.

मॅनपॉवरऐवजी वर्कफोर्स किंवा हेडकाउंट. मॅन-अवर्सऐवजी लेबर अवर्स. इथे एक खबरदारी: कंत्राटाच्या निविदेत मॅन-अवर्स हे एकक आलं असेल तर आपल्या दरपत्रकातही तेच ठेवा. एकक दोन ठिकाणी दोन नावांनी आलं की बिल पास करणारा माणूस शंका काढतो.

'ओन्ली फीमेल कँडिडेट्स' किंवा 'मेल ओन्ली' लिहिण्याबद्दल. 1976 च्या समान वेतन कायद्याच्या कलम 5 मध्ये भरतीतच भेदभावाला बंदी घातली होती. अपवाद फक्त जिथे स्त्रियांच्या कामावर कायद्यानेच बंदी किंवा मर्यादा आहे तिथला. 2019 च्या वेतन संहितेत कलम 3 मध्ये हेच तत्त्व 'जेंडर' हा शब्द वापरून आलं. त्यामुळे 'सेल्समन' हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. जाहिरात पुरुषांसाठीच आहे असा अर्थ त्यातून निघू शकतो.

आणि 'फीमेल्स' हे नाम म्हणून वापरू नका. फीमेल हे विशेषण आहे: फीमेल कँडिडेट, फीमेल पेशंट. माणसांबद्दल नाम हवं तिथे विमेन.

---

काळाकोट

कायद्याची भाषा स्वतःच कशी बदलत गेली ते पाहिलं की गोदातीर यांचा मुद्दा पक्का होतो.

संविधानाचंच उदाहरण घ्या. 1950 च्या मूळ मजकुरात कलम 89 मध्ये राज्यसभेचे 'चेअरमन' आणि 'डेप्युटी चेअरमन' आहेत. लोकसेवा आयोगालाही कलम 316 मध्ये चेअरमनच. पण 73व्या आणि 74व्या दुरुस्तीने आलेल्या पंचायत-नगरपालिकांच्या भागांत कलम 243सी, 243डी, 243आर मध्ये 'चेअरपर्सन' आहे. याच दुरुस्त्यांनी अध्यक्षपदांतही महिला आरक्षण आणलं, तेव्हा तिथे चेअरमन शोभलंच नसतं. एकाच संविधानात दोन्ही शब्द नांदतात. म्हणून राज्यसभेबद्दल लिहिताना चेअरमन आणि नगरपालिकेबद्दल लिहिताना चेअरपर्सन, हे दोन्ही बरोबर.

कंपन्यांचंही तसंच. 1956 च्या कायद्यात चेअरमन, 2013 च्या कायद्यात कलम 203 मध्ये चेअरपर्सन.

कामगार कायद्यात बदल जास्त ठळक आहे. 1923 चा 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट' 2009 च्या दुरुस्तीने 'एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट' झाला. अंमल 18 जानेवारी 2010 पासून. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'वर्कमन' 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 'वर्कर' झाला. जुन्या निकालाचा हवाला देताना किंवा जुन्या दाव्यात अर्ज करताना वर्कमन हाच शब्द लागतो, कारण त्या व्याख्येत आपला अशील बसतो की नाही यावरच दावा उभा असतो. तिथे 'वर्कपर्सन' लिहिणं घातक.

इंग्रजीतल्या 'ही' (म्हणजे 'तो') या सर्वनामाचं म्हणाल, तर 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 13 नुसार पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात. भारतीय न्याय संहितेत कलम 2 च्या दहाव्या उपकलमात 'ही'मध्ये पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असा तिघांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण हा नियम कायद्याचा अर्थ लावण्यापुरता आहे. सोसायटीच्या नोटिशीला तो ढाल म्हणून वापरू नये. वाचणाऱ्या बाईला कलम 13 माहीत असणं अपेक्षित नाही.

सोसायटीसाठी व्यवहारात असं करा: नोंदणीकृत उपविधीत चेअरमन असेल तर ठराव, बँकेचं सहीपत्रक आणि उपनिबंधकांकडे जाणारा पत्रव्यवहार यांत तेच ठेवा. बँक सहीखालचं पदनाम ठरावाशी ताडून पाहते. रोजच्या नोटिशीत मात्र 'चेअर' लिहायला कुणाची हरकत नाही. इंग्रजीत अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीला नुसतं 'द चेअर' म्हणणं सतराव्या शतकापासून चालत आलंय.

---

पंचवटी_प्रूफ

एक भर. चेअरपर्सनचा सगळ्यात मोठा गैरवापर म्हणजे पुरुष असेल तर चेअरमन आणि बाई असेल तरच चेअरपर्सन. मग तो शब्द चेअरवुमनचाच पर्याय होऊन बसतो आणि तटस्थपणा संपतो. एका कागदात एकच पद्धत ठेवा. मागच्या अध्यक्षांची यादी देत असाल तर सगळ्यांना चेअर, नाहीतर सगळ्यांना चेअरपर्सन.

अनेकवचन चेअरपर्सन्स. चेअरपीपल कुणी लिहीत नाही. सेल्सपीपल मात्र रुळलेलं आहे आणि सेल्सपर्सन्सपेक्षा सहज वाचलं जातं.

आता वर्डमध्ये शोधाशोध कशी करायची, कारण चुका तिथेच होतात. 'मॅन शोधा, पर्सन घाला, रिप्लेस ऑल' असं चुकूनही करू नका. एम-ए-एन ही अक्षरं मॅनेजर, मॅनेजमेंट, मेनी, डिमांड, ह्यूमन, जर्मनी या सगळ्यांत आहेत, आणि एका क्लिकमध्ये सगळ्यांची मोडतोड होते.

ॲडव्हान्स्ड फाइंड उघडा, 'यूज वाइल्डकार्ड्स'वर खूण करा, आणि एम-ए-एन लिहून त्याला लागून > हे चिन्ह द्या. या चिन्हाचा अर्थ 'शब्द इथे संपतो'. त्यामुळे मॅनेजर, मॅनेजमेंट गळतात आणि चेअरमन, फोरमन, सेल्समन सापडतात. तरी ह्यूमन, जर्मन, रोमन येतातच. आपल्या भागातल्या कागदांत आणखी दोन हमखास येतात: हनुमान आणि लक्ष्मण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही एम-ए-एनवर संपतात, आणि नाशिकच्या पत्त्यांत नि नावांत ते पदोपदी आहेत. म्हणून प्रत्येक जागा डोळ्याने बघून बदला.

मग एम-ई-एन आणि >. यात वर्कमेन, विमेन यांच्याबरोबर स्पेसिमेन, रेजिमेन, ॲब्डोमेन येतील. ते सोडा.

शेवटी स्त्रीवाचक प्रत्यय. ई-एस-एस > दिलं तर बिझनेस, प्रोसेस, ॲड्रेस, सक्सेस यांचा ढीग पडतो. त्याऐवजी टी-आर-ई-एस-एस > द्या: ॲक्ट्रेस, वेट्रेस, सीमस्ट्रेस सापडतात आणि चुकीचे म्हणून फक्त स्ट्रेस, डिस्ट्रेस, मॅट्रेस अशा थोड्यांना वगळावं लागतं. होस्टेस, पोएटेस, ऑथरेस वेगवेगळे शोधा. वाइल्डकार्ड चालू असताना वर्ड लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतो, त्यामुळे सगळं कॅपिटलमध्ये छापलेलं शीर्षक निसटतं. ते हाताने तपासा.

मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये प्रूफिंगच्या सेटिंगमध्ये इन्क्लूसिव्हनेसखाली 'जेंडर बायस'ची खूणही आहे. पहिल्या चाळणीला बरी, पण 'वायरमन हे ट्रेडचं नाव आहे' हे तिला कळत नाही.

---

मालेगाव_लूम

मॅन-मेडबद्दल सांगायला हवं. मालेगावच्या यंत्रमागांच्या बिलांवर 'मॅन-मेड' हा व्यापाराचा ठरलेला शब्द आहे. एचएस वर्गीकरणात, म्हणजे मालाला कोड देणाऱ्या यादीत, प्रकरण 54 चं नाव मॅन-मेड फिलामेंट्स आणि 55 चं मॅन-मेड स्टेपल फायबर्स. चलन, ई-वे बिल, निर्यातीचे कागद यांत मालाचं वर्णन त्या प्रकरणाशी जुळलं पाहिजे. तिथे 'आर्टिफिशियल' किंवा 'सिंथेटिक' घालणं म्हणजे नवीच चूक: मॅन-मेडमध्ये सिंथेटिक आणि आर्टिफिशियल असे दोन वेगळे पोटप्रकार आहेत. पॉलिस्टर सिंथेटिक, व्हिस्कोस आर्टिफिशियल. दुकानाच्या माहितीपत्रकात काय हवं ते लिहा, बिलात नाही.

---

शब्दमूळ

काही शब्दांवर उगाच संशय घेतला जातो, ते बाजूला काढतो.

मॅनेजर, मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट यांचा पुरुषाशी संबंध नाही. त्यांचं मूळ लॅटिन 'मॅनस', म्हणजे हात. ह्यूमन लॅटिन 'ह्यूमानस'वरून आला. मिडवाइफमध्ये 'मिड' म्हणजे 'सोबत' आणि 'वाइफ' म्हणजे जुन्या अर्थाने 'स्त्री': बाळंतिणीसोबत असणारी व्यक्ती. स्त्री आहे ती प्रसूत होणारी, म्हणून पुरुषालाही मिडवाइफ म्हणता येतं. त्यामुळे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या नावात बदलण्यासारखं काही नाही.

जुन्या इंग्रजीत 'मान' म्हणजे कोणीही माणूस. पुरुषासाठी 'वेर', स्त्रीसाठी 'वीफ'. वीफ आणि मान मिळून वुमन झाला. 'वेर' गळून गेला, आज तो वेअरवुल्फमध्ये दिसतो. मग 'मान' हाच पुरुषाचा शब्द झाला आणि 'सगळे' हा त्याचा जुना अर्थ क्षीण होत गेला. आज कुणी 'मॅन म्हणजे सगळेच' असं म्हणतं, तेव्हा मूळ म्हणून ते खरं आहे, पण आजचा वाचक तसं वाचत नाही.

सगळ्यात सुंदर उदाहरण '-स्टर' या प्रत्ययाचं. तो मुळात स्त्रीवाचक होता. बेकर पुरुष, बॅक्स्टर स्त्री. ब्रूस्टर म्हणजे बिअर गाळणारी, वेबस्टर म्हणजे विणकर बाई, स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. पुढे प्रत्ययातला स्त्रीवाचकपणा विसरला गेला, म्हणून सीमस्टरला आणखी एक फ्रेंच '-एस' लावून सीमस्ट्रेस केला. एकाच शब्दात दोन स्त्रीप्रत्यय. आज येवल्याच्या पैठणीवर इंग्रजीत लिहिताना विणणारी बाई असो की बुवा, 'वीव्हर' पुरतो. कपड्याच्या युनिटमधल्या जाहिरातीत सीमस्ट्रेसऐवजी सुइंग मशीन ऑपरेटर.

उलटीकडून घडलेला एक शब्दही आहे. विडो हा मूळ स्त्रीवाचक आणि विडोअर हा त्यावरून बनलेला पुरुषवाचक.

---

कुसुमाग्रजनगरी

सगळं पटलं, एक सोडून. पोएटेस, ॲक्ट्रेस काढून टाकले की बाई दिसेनाशी होत नाही का? मराठीत आपण कवयित्री, लेखिका, नगरसेविका अभिमानाने म्हणतो. नगरसेविका म्हटलं की सभागृहात स्त्रिया आहेत हे कळतं. इंग्रजीत तेवढं का लपवायचं?

---

शब्दमूळ

प्रश्न रास्त आहे आणि दोन्ही भाषांचं उत्तर वेगळं आहे.

मराठीत क्रियापदालाच लिंग आहे. 'डॉक्टर आली', 'डॉक्टर आला', आदराने 'डॉक्टर आल्या', 'डॉक्टर आले'. वाक्य उच्चारताना लिंग सांगावंच लागतं, म्हणून स्त्रीवाचक नाम वेगळं उठून दिसत नाही. इंग्रजीत 'द डॉक्टर केम' एवढंच. तिथे लिंग सांगणारा प्रत्यय मुद्दाम जोडलेला दिसतो, आणि जोडला की 'मूळ शब्द पुरुषाचा, ही त्याची शाखा' असा भाव येतो.

शिवाय इंग्रजीत या जोड्या समान राहिल्या नाहीत. गव्हर्नर राज्य चालवतो, गव्हर्नेस मुलांना सांभाळते. मास्टरला मान, मिस्ट्रेसला बदनामी. बॅचलर निर्धास्त, स्पिन्स्टर बिचारी. इंग्लंड-वेल्सच्या विवाह नोंदींत 2005 पासून बॅचलर-स्पिन्स्टर जाऊन दोघांनाही 'सिंगल' आलं, ते यामुळेच.

सगळ्यात धोक्याचा मेयरेस. इंग्रजीत मेयरेस म्हणजे बहुधा मेयरची पत्नी. नाशिकच्या महापौर बाईंना इंग्रजी निमंत्रणपत्रिकेत मेयरेस लिहिलं तर त्यांचं पदच काढून घेतल्यासारखं होतं. मेयर लिहा, संबोधनात 'मॅडम मेयर'. नगरसेविकांसाठी कॉर्पोरेटर किंवा काउन्सिलर. अम्बॅसडरचंही तसंच.

ॲक्ट्रेसबद्दल एकमत नाही. ऑस्करमध्ये आजही 'बेस्ट ॲक्ट्रेस' आहे. बर्लिन महोत्सवाने 2021 पासून अभिनयाची बक्षिसं लिंगभेद न करता द्यायला सुरुवात केली. पुरस्काराचं नाव असेल तर ॲक्ट्रेस ठेवा, एरवी ॲक्टर. पोएटेस, ऑथरेस मात्र आज खटकतात, काढाच. हिरोइन, प्रिन्सेस, गॉडेस कुणी बदलत नाही. काळारामाच्या देवळातल्या सीतामाईला गॉडेसच म्हणायचं.

---

कुसुमाग्रजनगरी

मेयरेसचा अर्थ ध्यानात आला, पटलं. पण मग बाई असल्याचं सांगणं गरजेचं असेल तिथे काय करायचं? उदाहरणार्थ, 'पहिल्या महिला अमुक'.

---

पंचवटी_प्रूफ

तिथे स्पष्ट सांगा: 'द फर्स्ट वुमन टु...'. लिंग हीच बातमी असेल तर ते वेगळ्या शब्दात लिहायचं, पदनामात कोंबायचं नाही.

---

देवळाली_तोफखाना

सैन्यदलातलं थोडं. नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर आणि देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी यामुळे इथल्या बातम्यांत हे शब्द सारखे येतात. तोफखान्यात शिपायाच्या हुद्द्याला 'गनर' म्हणतात, तो मुळातच तटस्थ. एप्रिल 2023 मध्ये तोफखान्यात पहिल्यांदा महिला अधिकाऱ्यांना कमिशन मिळालं. त्यांच्या हुद्द्यापुढे 'लेडी' जोडायचं कारण नाही. लेफ्टनंट म्हणजे लेफ्टनंट. 'लेडी ऑफिसर' असं इंग्रजी बातम्यांत दिसतं, तिथे 'वुमन ऑफिसर' चांगलं, आणि तेही लिंग सांगणं आवश्यक असेल तरच. एअरमन हा वायुदलातला अधिकृत शब्द आहे, ओझरच्या हवाई तळाच्या बातमीत तो आला तर बदलू नका.

---

इगतपुरी_लाईन

रेल्वेने स्वतःच बरेच शब्द बदललेत, पण कारणं वेगवेगळी. गँगमनचा ट्रॅकमन आणि मग ट्रॅक मेंटेनर झाला. गार्डचं जानेवारी 2022 मध्ये ट्रेन मॅनेजर झालं. ड्रायव्हर लोको पायलट. पॉइंट्समन, गेटमन, कीमन मात्र अजून तसेच आहेत, आणि अपघाताच्या अहवालात किंवा ड्युटी रोस्टरवर तेच लिहावे लागतात. महावितरणकडे तंत्रज्ञ म्हणजे टेक्निशियन हे पदनाम आहे, तरी 4 मार्चला लाईनमन दिवसच साजरा होतो. दिवसाचं नाव बदलू नका, बाईंचं पदनाम टेक्निशियन लिहा.

---

गोल्फक्लब_स्कोअरर

क्रिकेट: खेळाचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी क्लबने सप्टेंबर 2021 मध्ये नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आणला. बोलर, फील्डर, कीपर आधीपासून तटस्थ होते, त्यामुळे हा एकच दगड वाटेत होता. स्कोअरशीट छापताना 'मॅन ऑफ द मॅच'ऐवजी 'प्लेयर ऑफ द मॅच'. थर्ड मॅन या क्षेत्ररक्षणाच्या जागेला काही समालोचक नुसतं 'थर्ड' म्हणतात. नाईटवॉचमनला अजून सर्वमान्य शब्द नाही. आपला फलंदाज पहिल्यापासून दोघांचाही.

---

वर्गशिक्षिका_इंदिरानगर

शाळेच्या बाजूने. व्याकरणाच्या पेपरात 'चेंज द जेंडर' अजूनही येतं: नेफ्यू-नीस, मंक-नन, विझर्ड-विच, बॅचलर-स्पिन्स्टर. मुलांना या जोड्या पाठ हव्यातच, गुण जातात. पण निबंधात आणि पत्रात त्या वापरू नका, हे वेगळं शिकवा. दोन रकाने करते: 'ओळखायचे' आणि 'वापरायचे'. पोएटेस पहिल्या रकान्यात, पोएट दुसऱ्या.

मुख्याध्यापिकांना हेडमिस्ट्रेस लिहायचं का, असा प्रश्न पालकांकडून येतो. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या महाराष्ट्र कायद्यात व्याख्याच 'हेड' अशी आहे; हेडमास्टर, हेडमिस्ट्रेस, प्रिन्सिपल सगळे तिच्यात येतात. परिपत्रकावर 'हेड ऑफ स्कूल' निर्धास्त छापा. मान्यतापत्रात जे पदनाम असेल ते शिक्षण विभागाकडे जाणाऱ्या कागदावर.

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या फलकावरची चूक तर दरवर्षी दिसते: 'ही इज ॲन अल्युम्नाय'. अल्युम्नाय अनेकवचन आहे. एक मुलगा अल्युम्नस, एक मुलगी अल्युम्ना, मिश्र गट अल्युम्नाय, फक्त मुलींचा गट अल्युम्नी, आणि या शेवटच्याचं स्पेलिंग ए-ई वर संपतं. उच्चार सांभाळता येत नसेल तर 'फॉर्मर स्टुडंट' किंवा 'अल्यूम' लिहा.

---

गोदातीर

सर्वनामं राहिली. 'एव्हरी मेंबर शॅल पे हिज ड्यूज' हे वाक्य नोटिशींत जिथे तिथे. सोडवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे अनेकवचन: 'मेंबर्स शॅल पे देअर ड्यूज'. दुसरा, सर्वनामच काढून टाका: 'एव्हरी मेंबर शॅल पे द ड्यूज'. 'हिज/हर' एकदा चालतं, पण परिच्छेदात पाचदा आलं की वाचवत नाही, शिवाय त्यात तिसऱ्या कुणाला जागा नाही. फॉर्मवर मेल, फीमेल, ट्रान्सजेंडर असे तीन रकाने आणि खालच्या सूचनेत 'ही ऑर शी', ही विसंगती लगेच दिसते.

एकवचनी 'दे' इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, चूक नाही. क्रियापद मात्र अनेकवचनीच: 'दे आर', कधीही 'दे इज' नाही. कायदेशीर करारात जिथे एक पक्ष आणि अनेक व्यक्ती दोन्ही आहेत तिथे 'दे' कुणाला लागू हे संदिग्ध होतं. तिथे नामच पुन्हा लिहा: 'द टेनंट', 'द टेनंट'. कानाला जड, पण वाद होत नाही.

---

आरोग्य_दिंडोरी

मराठीतून इंग्रजीत जाताना आमच्याकडे उलटा प्रश्न येतो. अंगणवाडी सेविका म्हणजे अंगणवाडी वर्कर, मदतनीस म्हणजे अंगणवाडी हेल्पर. 'लेडी सर्व्हंट' असं भाषांतर यंत्राकडून आलेलं दिसतं, ते ताबडतोब काढा. आशा हे पूर्ण नावात ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट. काम स्त्रियाच करतात तरी नाम तटस्थ आहे, पुढे 'वुमन' नको. आरोग्यसेवक-आरोग्यसेविका यांना मल्टिपर्पज हेल्थ वर्कर, आणि आस्थापनेच्या तक्त्यात पुढे मेल किंवा फीमेल लिहावंच लागतं, कारण पदं वेगळी मंजूर आहेत. पोलीस पाटील पोलीस पाटीलच राहू द्या, भाषांतर करू नका.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकासाठी विचारायचं होतं: 'दोन महिला डॉक्टर उपलब्ध' हे इंग्रजीत कसं? 'वुमन डॉक्टर्स', 'विमेन डॉक्टर्स', की 'लेडी डॉक्टर्स'?

---

पंचवटी_प्रूफ

विमेन डॉक्टर्स. वुमन हे नाम विशेषणासारखं पुढे आलं की अनेकवचनात दोन्ही शब्द बदलतात: एक वुमन डॉक्टर, दोन विमेन डॉक्टर्स. लेडीचं तसं होत नाही, लेडी डॉक्टर्स. पण लेडी आता जुनाट वाटतो. फीमेल डॉक्टर्सही बरोबर, कारण तिथे फीमेल विशेषण आहे. स्पेलिंगमध्ये वुमनला शेवटी एम-ए-एन, विमेनला एम-ई-एन, आणि 'विमेन्स वॉर्ड'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी एनच्या नंतर, एसच्या आधी. फलक रंगवणाऱ्याला हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. फोनवर सांगितलं की वुमन आणि विमेन एकच ऐकू येतात.

---

आरोग्य_दिंडोरी

लिहून देते. धन्यवाद.